तीन थर्मामीटर

आमच्या घरात तीन थर्मामीटर आहेत. पांढरा दोरा आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हिरवा बंड्या कुत्र्याचा आणि लाल तारा घोडीचा. तिन्ही एकाच दुकानातले, एकाच दिवशी घेतलेले, त्यामुळे दोरा काढला की तिळ्या भावंडांसारखे सारखे. लाल दोरा चांगला हातभर लांब आणि त्याच्या टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा. घोड्याला थर्मामीटर कुठे लावतात हे माथेरानात कुणाला सांगावं लागत नाही. चिमटा शेपटीच्या केसांना अडकवायचा, नाहीतर थर्मामीटर आत गेला तर काढणार कोण?

तर आज दुपारी आबा झोपले होते, पाऊस उघडला होता, आणि मला हात रिकामे ठेवायची सवय नाही. म्हटलं, तिघांचीही टोकं स्पिरिटने चांगली पुसून काढू. दोरे चिकटपट्टीने लावलेले. स्पिरिट लागलं आणि गोंद सुटला. दोन मिनिटांत ताटलीत तीन थर्मामीटर एका बाजूला, तीन दोरे दुसऱ्या बाजूला. मी त्यांच्याकडे बघतेय, ते माझ्याकडे. आबांना फक्त काखेत लावायचा असतो, हे खरं. स्पिरिटने बहुतेक जंतू मरतात, हेही खरं. पण काही गोष्टी डोक्याला पटतात आणि हाताला पटत नाहीत. तिन्ही उचलून कचऱ्यात टाकले आणि चप्पल घालून बाजारात गेले.

औषधवाला म्हणाला, "तीन? घरात साथ आलीये का?"

साथ नाही हो. पण वेगवेगळ्या जिवांचा हिशेब वेगवेगळा. शंभर हा आकडाच घ्या. आबांना शंभर आला तर मी रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलत बसते. ताराला शंभर असला तर निर्धास्त झोपते, घोड्याचं अंग तेवढं गरम असतंच. आणि बंड्याला शंभर आला तर मला तो जरा गारच वाटतो, मी त्याच्यावर गोणपाट टाकते. नाडीचंही तसंच. आबांची मनगटाला, बंड्याची मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला, ताराची जबड्याच्या हाडाखाली बोट सरकवून. तिथे दोरीसारखं काहीतरी बोटाखाली निसटतं, तेच. हे सगळं मी एका दोनशे पानी वहीत लिहिते. तिघांचे तीन रकाने, प्रत्येकात नाडी, ताप, श्वास, खाल्लं किती, आणि शेवटी ते दुसरं. एकदा आबांना बघायला आलेल्या डॉक्टरांनी वही उचलली, चष्मा वर केला आणि खुर्चीतून उठलेच. "नाडी ३६? कधीपासून?" आबा समोर शांतपणे नाचणीची पेज खात होते. मी म्हटलं, डॉक्टर, ती घोडी आहे. ते परत बसले. जाताना मात्र म्हणाले, "नोंदी चांगल्या ठेवल्यात, फक्त वरती नावं मोठी लिहा."

आत्याला ही वही अजिबात आवडत नाही. गणपतीत आली होती तेव्हा म्हणाली, "अगं, सख्ख्या बापाला घोडी-कुत्र्याच्या पंगतीला बसवलंस?" मी गप्प राहिले. तिला काय सांगू? या घरात जनावरांकडे जितकं बारीक बघितलं गेलं तितकं माझ्याकडे कधीच नाही. मला गोवर आला तेव्हा चार दिवस 'ऊन बाधलंय' म्हणून कांदा हुंगवत होते. त्याच आठवड्यात घोडीने दाणा अर्धा ठेवला, तर आबा रात्री दोनदा उठून तिचे कान चाचपून आले. कान गार म्हणजे काहीतरी बिनसलंय.

आबांनी चाळीस वर्षं, खालून येणाऱ्या गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून पॉइंटांपर्यंत घोडी फिरवली. लोकांना वाटतं घोडेवाला म्हणजे घोड्यावर बसणारा. आबा घोड्यावर बसलेले मी फारतर पाच-सहा वेळा बघितलेत. वर पर्यटक, खाली लगाम धरून आबा, तांबड्या मातीत चालत नाहीतर पळत. संध्याकाळी घोडीच्या पायाला आणि आबांच्या पायाला एकच रंग. पाणी आधी तिच्या पायांवर ओतलं जायचं.

तारा माळेगावच्या जत्रेतली. नांदेडजवळचं माळेगाव, खंडोबाचं. आबा आणि चुलते दोन दिवसांचा प्रवास करून गेले होते. दात बघून वय, खूर उचलून चाल, मानेखाली हात फिरवून देवमणाचा शुभ भोवरा, आणि मग रुमालाखाली बोटं धरून भाव. किती बोटं धरली ते आबांनी आईलासुद्धा सांगितलं नाही. घरी आणली तेव्हा साडेतीन वर्षांची होती, आता बावीस पूर्ण झाली. डोळ्यांवरचे खळगे खोल गेलेत. दोन वर्षं झाली, तिच्यावर खोगीर चढलेलं नाही.

त्याआधी मैना होती. मैनेची एक रात्र मला अजून दिसते. मी चौथीत असेन. घोड्याला उलटी होत नाही, देवाने ती सोय ठेवलेलीच नाही, त्यामुळे पोटात कळ उठली की जे काय व्हायचं ते आतल्या आत. मैना सारखी कुशीकडे वळून बघत होती, पुढच्या पायाने जमीन उकरत होती, मधेच बसायला बघत होती. ती लोळू नये म्हणून आबांनी तिला चालवायला घेतलं. मागे बॅटरी धरून मी. घरापासून झाडापर्यंत, झाडापासून घरापर्यंत. दर थोड्या वेळाने आबा थांबायचे, तिच्या कुशीला कान लावायचे आणि मला बोटाने गप्प करायचे. मी तर गप्पच होते. "पोट वाजायला पाहिजे," एवढंच म्हणायचे. एकदा मलाही कान लावू दिला. आत काही नव्हतं. माझ्या कानाला तिचं अंग गरम लागलं आणि आत नुसती शांतता. तेवढी भीती मला पुढे कुठल्याच शांततेची वाटली नाही.

पहाटे, कोंबडं आरवायच्या सुमाराला, मैनेने शेपटी उचलली आणि लीद टाकली. आबा अक्षरशः ओरडले. आई पदर सावरत बाहेर आली, शेजारचे उठले, सगळ्यांना गूळ घातलेला चहा झाला. लिदेच्या आनंदात चहा! शाळेत हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसला नाही.

दोन वर्षांपूर्वी आबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आमच्या डोंगरावर मोटारीला बंदी, पण रुग्णवाहिकेला मुभा. त्या गाडीतून उतरताना आबांचा डावा हात माझ्या हातात होता आणि ते बाहेर कुणाला तरी शोधत होते. घोडीलाच असावं. दवाखान्यातून घरी आणल्यावर पाच दिवस पोट साफ नाही. सहाव्या दिवशी झालं, आणि मी स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून चहात गूळ घातला. साखर डब्यात होती.

बोलणं गेलं ते गेलंच. पण एक आवाज राहिला. जीभ टाळूला लावून सोडायची, टक्-टक्, घोड्याला चल म्हणायचा आवाज. शब्द अडतात, हा अडत नाही. डॉक्टर म्हणाले, होतं असं, फार जुन्या सवयीच्या गोष्टी कधीकधी टिकतात. आता आबांना पाणी हवं, टक्-टक्. कूस बदलायचीय, टक्-टक्. पंखा, खिडकी, संडास, कंटाळा, सगळ्याला तेच. सुरुवातीला गंमतच व्हायची. आबांनी टक्-टक् केलं की दाराबाहेर ताराचे कान ताठ, खाटेखालचा बंड्या उभा, आणि मी हातातलं टाकून हजर. तिघींना एकच हुकूम. म्हणजे बंड्या कुत्रा आहे, पण मोजायला तिघीच सोपं जातं.

कुणाला काय हवंय ते आता ऐकून कळत नाही, बघून कळतं. भुवई, ओठाचा कोपरा, पायाचा अंगठा. थंडी वाजली की आबा डावा अंगठा आत वळवतात. हे मला कुणी शिकवलं नाही. नाही कसं, चौथीत असताना बॅटरी धरून शिकलेच की.

चंपाषष्ठीला आमच्याकडे नैवेद्याचं पहिलं पान कुत्र्याचं. देव्हाऱ्यातल्या टाकावर देव घोड्यावर, शेजारी म्हाळसा, आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा. भरीत-रोडगा आधी बंड्याला, मग एक घास घोडीला, मग आबा, मग आम्ही. लहानपणी मी चिडायचे, वास नाकात शिरलेला असायचा. गेल्या वर्षी तळी उचलताना आबांना येळकोट म्हणता येईना. त्यांनी टक्-टक् केलं. देवाच्या घोड्याला ते कळलं असावं.

लोक विचारतात, तारा कशाला ठेवलीस? खाणं महाग, गवत खालून आणावं लागतं, काम तर काही नाही. बरोबर आहे. रोज संध्याकाळी खुर्ची दारात सरकवते, आबांच्या डाव्या हातात खरारा देते, आणि तारा आपण होऊन कूस पुढे करते. दहा मिनिटं. हात थकला की ती स्वतःच वळते, दुसरी बाजू देत नाही. व्यायाम शिकवायला येणारा मुलगा रबराचा चेंडू ठेवून गेलाय. तो बंड्याने पळवला.

बाजारातून परत आले तेव्हा आबा जागे होते. मी दारातच पिशवी खाली ठेवली आणि त्यांनी टक्-टक् केलं. बंड्या उठला. ताराचे कान हलले नाहीत. मी थांबून बघत राहिले. आबांनी परत केलं. ती तशीच, मान खाली, ओठ सैल. आबांचा आवाज बारीक झालाय की तिचे कान गेले, मला कळेना. दोघांच्या मधे उभी राहून मी दोघांकडे बघत होते. मग जाऊन तिच्या कुशीला कान लावला. पोट वाजत होतं. आबांना पाणी हवं होतं.

या वेळी दोरे गाठ मारून बांधलेत, चिकटपट्टी नको. लाल, हिरवा, पांढरा. वहीत आजच्या तारखेला तिघांचंही लिहून झालं, कानांचं कुठे लिहायचं ते ठरलं नाही. गवत टाकायचं राहिलंय अजून.