मामांचा अर्जेंटिनावाला

१४ एप्रिल २०२५, सोमवार. कोल्हापूर.

सकाळचे आठ वाजलेत. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. चपलेच्या पट्ट्यात परवाचा जोतिबाचा गुलाल अजून तसाच आहे. चैत्री पौर्णिमेला डोंगरावर जाऊन आलो, एकदा ‘चांगभलं’ म्हटलं, आणि आंबेडकर जयंतीची सुट्टी लागून आहे म्हणून पुण्याला परत न जाता मामांकडे मुक्काम ठोकला. त्याची शिक्षा ही जागरणाची.

मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गोल्फ त्यांना साहेब लोकांमुळे लागला. कुठल्याशा छावणीत मैदानाच्या गवताची जबाबदारी त्यांच्याकडे होती. गवत सांभाळता सांभाळता खेळ कळायला लागला, आणि बदली होऊन जाणाऱ्या एका कर्नलनं आपली जुनी सात नंबरची आयर्न, म्हणजे गोल्फची काठी, त्यांना देऊन टाकली. ती आज दाराच्या मागं छत्रीशेजारी उभी असते. मामी तिनं मांजरं हाकलते. आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात, मंगळवार पेठेत आणि बहुधा दोन-चार गल्ल्या पलीकडंही गोल्फ बघणारा हा एकच माणूस.

बाकी आम्ही सगळे फुटबॉलवाले. हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही, बाहेरच्याला सांगून पटत नाही. इथं तालमीच्या नावानं संघ आहेत, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, आणि शाहू स्टेडियमवरच्या निकालावरून सख्खे शेजारी आठवडाभर अबोला धरतात. वर्ल्ड कप आला की पेठांची वाटणी होते. एका कोपऱ्यावर मेस्सी, समोरच्या कोपऱ्यावर नेमार, मजल्याएवढे. मी अर्जेंटिनाचा. वडील ८६ सालापासूनचे अर्जेंटिनाचे, त्यामुळे मला विचारायचा प्रश्नच नव्हता. माझा लहानपणापासूनचा मित्र ब्राझीलचा, आणि तोही काल रात्री मामांकडेच होता. मामींनी केलेल्या तांबड्या-पांढऱ्यासाठी आला होता, पण राहिला.

त्याला राहू दिलं ते मीच. गेल्या २६ मार्चला पहाटे, म्हणजे तिकडच्या २५ ला, ब्यूनस आयर्समध्ये आपण ब्राझीलला ४-१ हाणलं. तेही मेस्सीशिवाय. तेव्हापासून हा माझा फोन उचलत नव्हता. तीनच दिवसांत त्यांनी कोच काढून टाकला. काल तो समोर बसला होता, हातात वाटी होती, पळून जाता येत नव्हतं. अशी संधी कोण सोडतो?

मामांनी मात्र टीव्ही आधीच अडवून ठेवला होता. मास्टर्सचा, म्हणजे गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी (मेजर) एकीचा, शेवटचा दिवस. अमेरिकेत ऑगस्टा गावात दुपारचे अडीच, आपल्याकडे बरोबर रात्रीचे बारा. बिंदू चौकाच्या बाजूनं जयंतीचे फटाके सुरू झाले आणि त्याच वेळेला मामांच्या लाडक्या रोरी मॅकिलरॉयनं पहिला शॉट मारला. गोल्फमध्ये ज्याचे शॉट कमी तो पुढं. दोन शॉटांची आघाडी घेऊन निघालेला हा गडी पहिल्याच होलला डबल बोगी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा दोन शॉट जास्त, करून बसला. आघाडी संपली. मामा काही बोलले नाहीत, फक्त उशी पाठीमागून काढून मांडीवर घेतली.

“काय मामा, तुमचा गेला की,” ब्राझीलवाला.

“चार तास आहेत अजून. तुमच्यासारखा दीड तासाचा खेळ नाही हा.”

रोरीचं प्रकरण मामांनी मला पूर्वी इतक्या वेळा सांगितलंय की मी झोपेत म्हणून दाखवीन. २०११ मध्ये याच मैदानावर चार शॉटांच्या आघाडीनं शेवटच्या दिवशी उतरला आणि ८० शॉट मारून बुडाला. त्यानंतर बाकीच्या तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या, पण २०१४ नंतर मेजर एकही नाही, आणि मास्टर्स तर नाहीच नाही. चारही मेजर जिंकणारे तोवर पाचच: सारझेन, होगन, प्लेअर, निकलॉस, वुड्स. गेल्या जूनमध्ये यूएस ओपनला पाइनहर्स्टवर त्यानं शेवटच्या तीन होलांत दोन अगदी छोटे पट (बॉल होलात ढकलायचे शॉट) चुकवले, आणि डीशाँबोनं एका शॉटनं स्पर्धा नेली. त्या रात्रीही मामा जागे होते. मी इकडे युरोमध्ये इंग्लंड-सर्बिया बघून झोपलो होतो. सकाळी मामांना फोन केला तर मामी म्हणाली, आज नको बोलूस.

आणि हाच डीशाँबो काल रोरीच्या जोडीला चालत होता.

दोन वाजेपर्यंत आमचा वाद गोल्फ हा खेळ आहे की फिरायला जाणं, इथंच अडकला होता. मग ब्राझीलवाल्यानं त्याचं नेहमीचं अस्त्र काढलं. “तुम्ही अर्जेंटिनावाले मुळात चोर. हातानं गोल मारून देव झालात.” हे मी लहानपणापासून ऐकतोय. उत्तर तयार असतं: २२ जून १९८६, अझ्टेका, ५१ व्या मिनिटाला मॅराडोनाचा हात, मान्य, पण चारच मिनिटांनी जो दुसरा मारला त्याचं काय? अर्ध्या मैदानातून इंग्लंडची रांग कापत गेला, तो कुठल्या हातानं? मी हे एवढ्या आवेशात म्हणत होतो की मामींनी आतून आवाज दिला.

तेव्हा मामा पहिल्यांदा आमच्या वादात पडले. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, “तुमच्या अर्जेंटिनाचा माझ्याकडं पण एक माणूस आहे.”

मला वाटलं काब्रेरा सांगतील. आंहेल काब्रेरा, २००७ चं यूएस ओपन आणि २००९ चं मास्टर्स. तो मला मामांमुळेच माहीत होता. पण त्यांनी काढला रॉबेर्तो दे व्हिसेन्झो.

“आज तारीख काय?”

“चौदा. एप्रिल.”

“त्याचा वाढदिवस. १९६८ ला याच तारखेला पंचेचाळीसचा झाला. आणि याच मैदानावर मास्टर्सचा शेवटचा दिवस होता.”

गोष्ट अशी. त्या दिवशी दे व्हिसेन्झो ६५ शॉटांत खेळला आणि बॉब गोल्बीच्या बरोबरीला आला. दुसऱ्या दिवशी बरोबरी फोडायला प्लेऑफ होणार. सतराव्या होलला त्यानं तीन शॉट घेतले होते, टीव्हीवर साऱ्या जगानं पाहिलेले तीन. पण गोल्फमध्ये तुमचं कार्ड तुमचा जोडीदार लिहितो. जोडीदार टॉमी ॲरननं तिथं चारचा आकडा टाकला. दे व्हिसेन्झोनं नीट बघितलं नाही, सही केली. नियम असा की सही केलेला आकडा खऱ्यापेक्षा जास्त असेल तर तोच कायम. कमी असेल तर थेट बाद. ६५ चे ६६ झाले, प्लेऑफ गेला, गोल्बी एका शॉटनं विजेता.

“आणि त्यानं काय केलं?” ब्राझीलवाल्यानं विचारलं. वाटी खाली ठेवली होती त्यानं.

“काय करणार? जोडीदाराला एक शब्द बोलला नाही. मी किती मूर्ख, एवढंच म्हणाला.”

मला राग आला. खरंच आला. सत्तावन्न वर्षांपूर्वीच्या माणसासाठी. म्हटलं, मामा, हा काय न्याय झाला? सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय ना? मैदानात मारलेला शॉट खरा की कागदावरचा? आमच्या पेठेत हे झालं असतं तर तो कागद, ते टेबल आणि टेबलामागचा माणूस...

“म्हणून तर तुमच्याकडं पोलीस लागतात,” मामा म्हणाले.

तर असे दोन अर्जेंटिनावाले. एकानं हातानं मारलेला गोल पंचानं दिला आणि त्यानं तो ठेवून घेतला. दुसऱ्यानं न मारलेला शॉट मान्य केला, कारण खाली त्याची सही होती. मामांचं म्हणणं, फुटबॉलमध्ये शिट्टी वाजेपर्यंत सगळं माफ असतं आणि गोल्फमध्ये शिट्टीच नसते. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सनं बॉल जरासा हलला म्हणून स्वतःवरच एक शॉट लावून घेतला, कोणी बघितलेलंही नव्हतं, आणि पुढं प्लेऑफमध्ये हरला. मी घाईघाईनं जर्मनीचा क्लोजा काढला. वर्ल्ड कपमध्ये सगळ्यात जास्त, १६ गोल मारणारा. २०१२ मध्ये लाझिओकडून नापोलीविरुद्ध हाताला लागून गोल गेला तर त्यानं स्वतः पंचाला सांगितलं, आणि गोल रद्द झाला.

“बरं. दुसरं नाव सांग.”

आठवेना. अजूनही आठवलेलं नाही. दिवसभर विचार करणार आहे.

पण मग मामांच्याही पायाखालची जमीन थोडी सरकली, कारण ब्राझीलवाल्यानं फोनवर लेक्सी थॉम्पसन शोधून काढली. २०१७, महिलांची मेजर, कॅलिफोर्निया. शनिवारी तिनं ग्रीनवर (होलाभोवतीच्या बारीक गवतावर) बॉल उचलून परत ठेवताना किंचित चुकीच्या जागी ठेवला. घरी टीव्हीसमोर बसलेल्या कुणा प्रेक्षकानं ईमेल केला. रविवारी ती आघाडीवर असताना मधेच तिला सांगण्यात आलं, चार शॉटांचा दंड: दोन बॉलचे, दोन चुकीच्या कार्डावर सही केल्याचे. रडत रडत खेळली, प्लेऑफपर्यंत आणलं, आणि हरली. तुमच्या सभ्य लोकांच्या खेळात असले खबरे असतात होय, म्हणून आम्ही दोघं पहिल्यांदाच एका बाजूला झालो. मामा म्हणाले, २०१८ पासून ते प्रेक्षकांचं बंद केलंय. बरंच झालं. पेठेतल्या माणसाला टीव्ही बघून ईमेल करायचा हक्क मिळाला असता तर १९९० ची जर्मनीविरुद्धची फायनल आजही चालू असती. ८५ व्या मिनिटाची ती पेनल्टी वडिलांनी अजून मान्य केलेली नाही.

तीनच्या पुढं कधीतरी मी मामांना विचारलं. बऱ्याच वर्षांपासून डोक्यात होतं. आम्ही कसं, ‘आपण’ म्हणतो. आपण जिंकलो, आपल्यासमोर सेमीफायनलला कोण येतो. २०२२ ला लुसैलच्या फायनलमध्ये १२३ व्या मिनिटाला फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा पुढं आला आणि एमी मार्तिनेझनं डावा पाय घातला, तेव्हा चौकातल्या पडद्यासमोर हजार माणसांचा पाय आपोआप पुढं आला होता. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्यानं माझ्या गळ्यात पडून “वाचलो रे बाबा” म्हटलं. अर्जेंटिनाला कोल्हापूर कुठं आहे हे ठाऊक नाही, पण आम्ही वाचलो. मामा मात्र रोरीसाठी वर्षानुवर्षं जागतात आणि तरी कायम ‘तो’. तो चुकला. तो गेला. ‘आपण’ का नाही?

मामा जरा थांबले. “पेनल्टी चुकली तर बाकीचे दहाजण येतात, खांद्यावर हात ठेवतात. ह्याचं तसं नाही. ह्यानं घातला तर ह्यानंच घातला. आपण कुठनं म्हणणार?”

आणि हे बोलून दहा मिनिटं झाली नसतील, रोरीनं तेराव्या होलला बॉल पाण्यात घातला. साध्या वेजनं. समोर एवढं ग्रीन पसरलेलं, आणि बॉल ओढ्यात. डबल बोगी, पुढच्याला बोगी. मामा उठून उभे राहिले, परत बसले. पंधराव्याला झाडाला वळसा घालून मारलेला सात नंबरचा शॉट अगदी होलाजवळ आला तेव्हा त्यांनी दारामागच्या आपल्या सात नंबरकडं बघितलं. सतराव्याला बर्डी, म्हणजे एक शॉट कमी. शेवटच्याला फक्त दीड मीटरचा पट, घातला की संपलं. तो चुकला.

ब्राझीलवाला तोवर घोरत होता. मी जागा होतो, आणि खरं सांगतो, शूटआउटमध्ये सुद्धा पोटात असा गोळा येत नाही. शूटआउटमध्ये ओरडता येतं.

समोर प्लेऑफला जस्टिन रोझ. त्यानं शेवटच्या दिवशी ६६ मारून गाठलं होतं, आणि तोही २०१७ मध्ये इथंच प्लेऑफमध्ये हरलेला. मामा हळूच म्हणाले, हा पण भला माणूस आहे. फुटबॉलमध्ये फायनलला समोरच्याबद्दल असं कोणी बोललं तर त्याला पेठेतून बाहेर काढतील. पुन्हा अठरावा होल. रोरीचा दुसरा शॉट पडला, मागं फिरला, होलापासून मीटरभर अंतरावर येऊन थांबला. रोझचा पट चुकला. रोरीचा आत गेला. पावणेपाच वाजत आले होते. तो गुडघ्यांवर कोसळला, कपाळ गवताला टेकवून थरथरत राहिला.

मी मामांकडं बघितलं. आता म्हणतील, आता तरी म्हणतील.

“सुटला,” मामा म्हणाले. आणि चष्मा पुसायला आत गेले.

झोप येणार नव्हतीच. उजाडल्यावर मामा परसात आले, हातात सात नंबर. आंब्याखाली पडलेली एक कैरी पायानं सरळ केली, पवित्रा घेतला, दोनदा हवेत झुलवून बघितलं. तिसऱ्यांदा मारली. कैरी मस्त उडाली, कुंपणावरून पलीकडं गेली आणि तिकडं काहीतरी मातीचं फुटल्याचा आवाज आला. कुंडी असणार. शेजारच्या घराच्या खिडक्या अजून बंद होत्या. मामांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, मग पायरीवर बसलेल्या माझ्याकडं बघितलं.

“मामा,” मी म्हटलं, “स्कोअरकार्ड?”

“अजून सही कुठं केलीय,” म्हणाले, आणि आयर्न घेऊन घरात गेले.