प्रशिक्षक गावातलाच का हवा

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत ग्रामसभा व वनहक्क समित्यांच्या सदस्यांसाठी जी प्रशिक्षणे होतात, त्यांत मी काही वर्षांपासून काम करत आहे. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा आहे आणि जंगलजमिनीवरचे हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा २००६ चा. तरीही वनहक्काचे दावे तपासणाऱ्या उपविभागस्तरीय समितीपुढे आपल्या पाड्याची बाजू स्वतः उभे राहून मांडणारा सदस्य आजही सहज भेटत नाही. याचे कारण कायद्याची माहिती कमी पडते हे आहे, असे धरून आपण माहितीच देत राहतो. मला मात्र खरा प्रश्न शिकवणारा कोण आणि शिकणारा कोणावर अवलंबून आहे, हा वाटतो. हे मत पक्के झाले ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘नागरिकत्व शाळां’चा इतिहास वाचल्यानंतर.

साउथ कॅरोलायना राज्यात ज्याच्याकडे पुरेशी मालमत्ता नसेल, त्याला मतदार म्हणून नाव नोंदवण्यासाठी राज्यघटनेतील उतारा वाचून व लिहून दाखवावा लागे. ही अट १८९५ च्या राज्यघटनेतली होती आणि तिचा हेतू कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवणे हाच होता. चार्ल्स्टन शहराजवळच्या जॉन्स आयलंड या बेटावरचे ईसॉ जेन्किन्स कामगारांना बसने शहरात नेत आणि त्या प्रवासातच घटनेतले उतारे शिकवत. टेनेसीतील हायलँडर या लोकशिक्षण संस्थेच्या मदतीने जानेवारी १९५७ मध्ये बेटावर प्रौढांचा पहिला वर्ग, म्हणजेच पहिली नागरिकत्व शाळा, सुरू झाला, तो एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत. दर्शनी भागात किराणा असल्यामुळे गोऱ्या लोकांच्या नजरेत तो आला नाही.

शिक्षिका म्हणून निवड झाली ती बर्निस रॉबिन्सन यांची. त्या केशभूषेचा व्यवसाय करत आणि शिकवण्याचा त्यांना काहीही अनुभव नव्हता. या निवडीमागे हायलँडरमध्ये काम करणाऱ्या सेप्टिमा क्लार्क यांचा पूर्ण विचार होता. क्लार्क स्वतः अनेक दशके शिक्षिका होत्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सदस्यत्व सोडण्यास नकार दिला म्हणून १९५६ मध्ये त्यांची नोकरी गेली आणि निवृत्तिवेतनही बुडाले. ज्याची भाकरी व्यवस्थेच्या हातात असते, त्याचे तोंड व्यवस्था बंद करू शकते, हे त्यांनी भोगलेले होते. रॉबिन्सन यांचे गिऱ्हाईक कृष्णवर्णीय स्त्रियांचे होते; त्यांना कामावरून काढून टाकू शकेल असा कोणी मालकच नव्हता.

रॉबिन्सन यांनी पहिल्याच दिवशी लहान मुलांची पुस्तके बाजूला ठेवली आणि तुम्हाला काय शिकायचे आहे, असे लोकांनाच विचारले. कोणाला स्वतःची सही करायची होती, कोणाला मनिऑर्डरचा फॉर्म भरायचा होता, कोणाला बायबल वाचायचे होते. बेटावरचे लोक गल्ला नावाची आपली बोली बोलत. त्यांनी दिवसभरातील कामाच्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्याच लिहून वाचनाचे पाठ तयार झाले. राज्यघटनेतले अवघड शब्द त्याबरोबर येत गेले.

हे वाचताना मला आपल्याकडचे वडीलधाऱ्यांचे जबाब आठवतात. वनहक्क नियमांप्रमाणे दावेदाराशिवाय गावातील इतर वृद्ध व्यक्तींचा लेखी जबाब हा पुरावा धरला जातो. अमुक टेकडीखालची जमीन कोण कधीपासून खेडतो, पूर्वी कोणत्या रखवालदाराने कोणाला दंड केला, कोणत्या नाल्यापर्यंत गावाची गुरे चरत, हे एखादी आजी पावरी बोलीत तासभर सांगू शकते. आपण मात्र तिला प्रमाण मराठीतल्या छापील नमुन्याखाली अंगठा उठवायला लावतो. ज्या मुलीला आजीचे बोलणे ऐकून कागदावर उतरवता येईल आणि तो कागद समितीपुढे वाचून दाखवता येईल, ती एकाच कामात लिहायला, पुरावा मांडायला आणि अधिकाऱ्यासमोर उभे राहायला शिकेल. कलमांच्या व्याख्यानातून हे घडताना मी पाहिलेले नाही.

अवलंबून असण्याचा प्रश्न खानदेशाला नवा नाही. १९७० च्या दशकात शहादा भागात सालदारांच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाकडे राबणाऱ्या मजुरांच्या, मजुरीसाठी आणि आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींसाठी जे आंदोलन उभे राहिले, त्याचे नेते अंबरसिंग महाराज हे स्वतः भिल्ल समाजातले होते. याच आंदोलनातल्या श्रमिक संघटनेच्या शिबिरांतून पुढे आलेल्या बायकांनी दारूविरुद्ध आघाडी उघडली. मालकाच्या वाड्यावर साल घातलेला माणूस एकटा ग्रामसभेत त्याच मालकाविरुद्ध बोलेल, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. त्याच्या पाठीशी आधी संघटन लागते.

१९६१ पासून नागरिकत्व शाळांचे काम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे आले आणि जॉर्जियातील डॉर्चेस्टर केंद्रात गावोगावचे लोक काही दिवस राहून शिकू लागले. परत जाऊन आपल्या गावात वर्ग सुरू करणे हीच त्यांची परीक्षा होती. मिसिसिपीतील शेतमजूर फॅनी लू हेमर यांना मतदार नोंदणीचा प्रयत्न केला म्हणून १९६२ मध्ये मळ्यावरून हाकलण्यात आले. १९६३ मध्ये अशाच प्रशिक्षणावरून परतताना विनोना गावी त्यांना अटक झाली आणि तुरुंगात अमानुष मारहाण झाली. पुढच्याच वर्षी त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात आपल्या राज्याचे प्रतिनिधित्व मागायला उभ्या राहिल्या. ज्या साक्षरता चाचणीसाठी लोक शिकले, ती १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने दक्षिणेतील या राज्यांत स्थगित झाली. व्यवस्था बदलणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

या चळवळीतही उणिवा होत्या. प्रत्येक मोर्चाचे नेतृत्व स्वतः न करता इतरांना पुढे येऊ द्यावे, असे क्लार्क यांनी किंग यांना कळवले, तेव्हा संघटनेतील पुरुष सहकारी त्यावर हसले. स्त्रिया बहुतांश वर्ग चालवत होत्या आणि निर्णय पुरुष घेत होते. आपल्याकडे वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असा नियम आहे, पण तालुक्याला बैठकीसाठी जीप निघते तेव्हा तिच्यात बसायला त्यांना कोणी बोलावत नाही.

प्रशिक्षणाची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि मार्चअखेर खर्च दाखवायचा म्हणून बहुतेक कार्यक्रम त्याच महिन्यांत उरकले जातात. म्हणून यंदा आम्ही काही जण पेरण्या आटोपल्यावर, लोक घरी असताना, संध्याकाळी पाड्यावरच वर्ग घेणार आहोत. शिकवायला शिवणकाम करणारी किंवा स्वतःचे छोटे दुकान चालवणारी, पावरी किंवा भिलोरी बोलणारी बाई ग्रामसभेनेच निवडावी, असे सुचवले आहे. तिला मानधन ग्रामसभेमार्फत मिळेल. वर्ग संपल्यावर आम्ही हजेरीपट मोजणार नाही. शिकलेल्यांपैकी किती जणांनी शेजारच्या पाड्यावर जाऊन जबाब लिहून दिले, एवढेच विचारणार आहोत.