एकच पद, दोन चाली
आज नाट्यसंगीताच्या मैफलीला जाऊन आले. ‘नाथ हा माझा’ सुरू झालं आणि शेजारच्या काकू मांडीवर ताल धरून गायिकेच्या आधीच समेवर! १९१६ च्या ‘स्वयंवर’मधली भास्करबुवा बखल्यांची चाल, अजून टवटवीत.

पण मैफल खरी चढली ती ‘घेई छंद मकरंद’ला. ‘कट्यार काळजात घुसली’साठी (१९६७) नाटककार दारव्हेकरांच्या या एकाच पदाला संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी दोन चाली दिल्या, एक पंडितजींची, एक खाँसाहेबांची, म्हणजे नाटकातल्या दोन प्रतिस्पर्धी गवयांची. नाटकातलं अख्खं भांडण त्या चालींतच ऐकू येतं. गायकाने दोन्ही लागोपाठ घेतल्या. मधे पेटीवाल्यांनी काय तो पाण्याचा घोट घेतला तेवढाच.

निवेदकांनी मात्र संगीतकारांची नावंच गाळली. चाल ज्याची, त्याचं नाव घ्यायला असा किती वेळ लागतो हो?