दीक्षाभूमीच्या वाटेवरची गायन पार्टी

नागपूर, दसऱ्याची आदली रात्र.

खोलीवर परतलो तेव्हा दीड वाजून गेला होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या जागी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली, तिकडे जाणारे रस्ते आज रात्रभर जागे आहेत. पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबे, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, भोजनदानाच्या रांगा. मी मात्र आवाजाच्या मागे चाललो होतो.

रहाटे कॉलनी चौकापासून थोडे पुढे, फुटपाथवर सतरंजी टाकून एक गायन पार्टी भीमगीते म्हणत होती. मी न विचारताच कॅमेरा डोळ्याला लावला, हे इथे लिहून ठेवले पाहिजे. शिक्षाही लगेच मिळाली. शटर सेकंदाच्या १/२५० वर होते आणि प्रत्येक फोटोत गायकाच्या चेहऱ्यावर काळपट आडवे पट्टे उमटले होते. शेजारच्या स्टॉलवरचे स्वस्त एलईडी दिवे आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा मिचमिचतात. डोळ्याला ते कळत नाही, सेन्सरला कळते. शटर १/१०० वर आणल्यावर पट्टे गेले आणि ३२०० वर नेलेला आयएसओही, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलताही, खाली उतरवता आली. फ्लॅश बॅगेतच राहिला. गाणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रकाश मारणे मला कधीच पटलेले नाही.

गाणे संपल्यावर गायकाने हाताने बोलावले आणि फोटो दाखवायला सांगितले. मी अभिमानाने त्याचा जवळून घेतलेला चेहरा पुढे केला: मिटलेले डोळे, ताणलेल्या गळ्याच्या शिरा, कानावर ठेवलेला हात. त्याने एक एक करत सगळे फोटो पाहिले आणि म्हणाला, "भाऊ, माझाच फोटो काढून राहिले काय? आमचे कोरसवाले कुठं गेले?"

खरेच, कुठेच नव्हते. पेटीवाल्याचे अर्धे बोट एका कोपऱ्यात आले होते, बस्स. शास्त्रीय मैफलींचे फोटो काढून एकाच चेहऱ्याकडे पाहण्याची सवय मला लागली आहे. भीमगीताची ओळ मात्र कोरसने उचलल्याशिवाय पुरी होत नाही, हे कानांना ऐकू येत असूनही माझ्या चौकटीत शिरले नव्हते. कुठले म्हणून त्याने विचारले. नाशिक म्हटल्यावर तो हसला. "म्हणजे वामनदादांच्या जिल्ह्यातले!" भीमगीतांचे कवी-गायक वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे, हे त्याला माझ्याआधी आठवले.

मग परवानगीने, गर्दीचे धक्के खात रस्त्यावर मागे सरकलो आणि पेटी, ढोलक, खंजिरी, कोरसमधल्या दोघी बाया असे सगळे एकत्र घेतले. तिथे उजेड कमी होता, म्हणून शटर आणखी मंद, १/५० वर. पैसे देऊ केले, तर चहा पाजा म्हणाले. सहा कप सांगितले.

खोलीवर आल्यावर तोच फोटो त्याला मोबाइलवर पाठवला. आत्ता उत्तर आले आहे: "मस्त. पण ढोलकवाल्याचा हात हलला."