एक्के हरले, अंक भिकार

पोकर शिकवणारं मासिक हातात आलं की मी आधी वाचकांची पत्रं काढतो. आपल्या दिवाळी अंकांना येणाऱ्या पत्रांत 'मुखपृष्ठ आवडले, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' याच्या पलीकडे फारशी मारामारी नसते. इथे वाचकाचे पैसे गेलेले असतात, त्यामुळे पत्राला धार असते.

नेहमीची तक्रार ठरलेली. लेखात लिहिलं होतं, हातात दोन एक्के आले की लाजू नका, पैसे लावा. वाचकाने लावले. समोरच्याकडे निघाले दोन राजे. टेबलावर सगळ्यांसाठी मांडायच्या पाच पानांपैकी चार उघडेपर्यंत सगळं आलबेल, आणि रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पानाला, तिसरा राजा. सबब लेखक भंपक आणि अंक भिकार. आता एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीला १०० पैकी साधारण ८२ वेळा मारते. राहिलेल्या १८ वेळा कुणाचं तरी वाटोळं व्हायचंच, या खेपेला ते पत्रलेखकाचं झालं. गंमत म्हणजे ८२ वाल्यांपैकीही कुणीतरी 'आपल्या लेखामुळे माझा खेळ सुधारला' म्हणून भरभरून लिहितो. त्या पत्राची किंमतही तेवढीच. पण ते छापलं जातं, आणि तेही चौकटीत.

चकलीची कृती छापली आणि चकली तेलात विरघळली, तर कृतीत काहीतरी चुकलंय हे संध्याकाळच्या आत कळतं. पोकरच्या लेखाचं कधी कळणार? हिशेब करून बघण्यासारखा आहे. खऱ्या टेबलावर, डीलर हाताने पत्ते वाटतो तिथे, तासाला २५-३० डाव होतात. शनिवार-रविवार मिळून सहा तास बसणाऱ्या माणसाला १०,००० डाव खेळायला वर्ष उलटून जातं. आणि बऱ्यापैकी जिंकणारा खेळाडू, समजा दर १०० डावांना पाच बिग ब्लाइंड (पानं बघण्याआधीच लावावी लागणारी सक्तीची मोठी रक्कम) कमावणारा, एवढ्या डावांनंतरही तोट्यात असण्याची शक्यता चारात एकाहून जास्त असते. नो-लिमिट खेळातले, म्हणजे पुढ्यातले सगळे पैसे केव्हाही लावता येतात त्या खेळातले, चढउतारच तसे. म्हणजे सबुरीने वर्षभर थांबून लिहिलेलं पत्रसुद्धा कच्चंच. इथे तर रविवारी रात्री हरलेला माणूस सोमवारी सकाळी कागद ओढतो.

डॉयल ब्रन्सनचं उदाहरण मला या बाबतीत फार आवडतं. लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा त्याने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोनदा जिंकली, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हातात होती दश्शी-दुर्री. टाकून द्यायची पानं! दोन्ही वेळा पहिली तीन पानं उघडली तेव्हा समोरचा पुढे होता, आणि दोन्ही वेळा शेवटचं पान आलं दश्शी. या दोन डावांवर कुणी लेख लिहून 'दश्शी-दुर्री खेळत चला' असं सांगितलं असतं, तर तो लेख टाकाऊच ठरला असता, विजेत्याच्या सहीनिशी आला तरी. वाचकांना मात्र असलेच लेख हवे असतात. त्या हाताला आजही ब्रन्सनचंच नाव आहे, आणि ते नाव घेऊन रोज कुणीतरी पैसे घालवतो.

२००३ साली टेनेसीतला ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट ऑनलाइन पात्रता फेरीतून आला आणि त्याच स्पर्धेत २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्या वर्षी खेळाडू होते ८३९, पुढच्या वर्षी २,५७६. मग काय, मासिकं फुगली, जाहिराती फुगल्या, आणि 'जाहिरातींत लेख शोधावा लागतो' ही नवी तक्रार सुरू झाली. ही तक्रार मात्र रास्त होती.

दुसरी रास्त नसलेली तक्रार म्हणजे, 'तुमचा लेखक सरळ उत्तर देत नाही.' हातात गुलामांची जोडी आहे, समोरच्याने पैसे वाढवले, काय करू? लेखक विचारतो, तुम्ही बसलाय कुठे, तुम्हाला त्याच्या आधी बोलायचंय की नंतर, पुढ्यात चिप्स किती, समोरचा माणूस एरवी कसा खेळतो? वाचक वैतागतो. त्याने अंक विकत घेतलाय, उलटतपासणी नव्हे. पण माझ्या मते अंकाचा कस इथेच लागतो. ज्या लेखात 'नेहमी' आणि 'कधीच नाही' हे शब्द फार येतात, तो लेख वाचायला झकास आणि टेबलावर कुचकामी. संपादकालाही हे माहीत असतं. खपाचे आकडेही त्यालाच बघायचे असतात, म्हणून तो एक कसदार लेख घालतो आणि शेजारी 'मी ब्लफ कसा मारला' छापाचे दोन किस्से.

या सगळ्या गदारोळात क्वचित एखादं चार ओळींचं पत्र येतं. पान अमुक, परिच्छेद तमुक. बदामाच्या फ्लशला, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पानांना, एक पान कमी आहे, एकच पान उघडायचं राहिलंय, आणि तुमच्या लेखकाने दोनास एक असा भाव धरलाय. तो भाव दोन पानं बाकी असतानाचा. इथे न दिसलेली पानं ४६, कामाची ९, नकोशी ३७, म्हणजे भाव चारास एक. लावायच्या रकमेच्या चौपट पैसे पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, नसतील तर पानं टाकायला हवीत. आपला, वगैरे. यात ना शिवी, ना स्तुती, ना रविवारचा हिशेब. असल्या पत्रावर संपादक मुकाट्याने पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो. मग ती दुरुस्ती आपल्याच टेबलावरच्या बाकीच्या आठ जणांनी वाचली आणि आता ते चुकीचे पैसे लावत नाहीत, अशी तक्रार घेऊन तोच पत्रलेखक पुन्हा हजर होतो.