मोबाइल असताना गाडीत हॅम रेडिओ कशासाठी?

डोंगरातून परत आल्यावर गाडी धुवायला काढली, की टपावरची अर्ध्या मीटरची अँटेनाची काडी पाहून सोसायटीतले कोणी ना कोणी थांबते आणि विचारते, "ताई, सगळ्यांकडे मोबाइल आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे, वॉकीटॉकी तर ऑनलाइनही मिळतात, मग परीक्षा देऊन, परवाना काढून हा हॅम रेडिओ कशाला?" पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, की तुमच्या ग्रुपबरोबर यायचे तर आम्हालाही तो घ्यावा लागेल का. हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांनी परवाना घेऊन एकमेकांशी थेट बोलण्यासाठी वापरायचा संच. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि जिन्यात उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखे नाहीत, म्हणून तुम्ही विचारलेत तर सविस्तर लिहिते.

मोबाइलचे आधी सांगते. ज्या वाटांसाठी आम्ही फोर बाय फोर गाड्या बाहेर काढतो, तिथे बहुतेक वेळा रेंज नसते. पण ती असली तरी मोबाइल या कामाचा नाही. फोन एका वेळी एका माणसाला लागतो, तो उचलावा लागतो, आणि ग्रुपवरचा मेसेज वाचण्यासाठी रस्त्यावरची नजर काढावी लागते. आम्हाला मात्र "समोरून ट्रक येतो आहे, डोंगराच्या बाजूला दाबून घ्या" एवढे एकच वाक्य, पाचही चालकांच्या कानांवर, एकाच क्षणी घालायचे असते.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही पाच गाड्या घेऊन हिमाचलात ग्राम्फूहून काझाकडे निघालो होतो. चंद्रा नदीच्या कडेने जाणारा छत्रू ते बातल हा टप्पा म्हणजे रस्ता कमी आणि दगडगोटे जास्त. वरच्या बर्फाचे पाणी नाल्यांमधून थेट वाटेवरून वाहते, आणि ऊन चढत जाते तसे तेही चढत जाते, म्हणून तिथली जाणती माणसे हे नाले सकाळीच ओलांडतात. आम्हाला त्या दिवशी एका पंक्चरमुळे उशीर झाला होता. पहिली गाडी एका मोठ्या नाल्यात उतरली तेव्हा मी चौथ्या क्रमांकावर, वळणाच्या आड होते आणि मला पाणी अजिबात दिसत नव्हते. पण डॅशबोर्डखालच्या स्पीकरमधून पुढच्या गाडीतल्या काकांचा आवाज शांतपणे येत होता: "पाणी बंपरच्या खाली आहे. डावीकडे खड्डा आहे, तिकडे कोणी जाऊ नका. मध्यावर एक चपटा दगड आहे, तो उजव्या चाकाखाली घ्या. लो रेंज, पहिला गिअर, मध्ये थांबायचे नाही." (लो रेंज म्हणजे फोर बाय फोर गाडीतला संथ पण जास्त ताकदीचा गिअर.) माझी पाळी येईपर्यंत पाणी वीतभर वाढले होते आणि फेसामुळे तळ दिसत नव्हता, पण उजवे चाक त्या दगडावर चढल्याचे स्टिअरिंगमधून हाताला कळले आणि मी पाय तसाच ठेवला. पलीकडे गेल्यावर मी मागच्या गाडीला तेच शब्द त्याच क्रमाने सांगितले. फक्त पाण्याची उंची बदलून सांगितली. हे काम कोणत्याही फोनने झाले नसते.

यावर तुमचा पुढचा प्रश्न असतो, की हे तर साध्या वॉकीटॉकीनेही झाले असते. त्या नाल्यापुरते झालेही असते, हे मी मान्य करते. भारतात 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्‌झ या छोट्या पट्ट्यातले कमी शक्तीचे संच विनापरवाना वापरता येतात. तीन-चार गाड्या, मोकळा माळ आणि एकमेकांच्या नजरेत चालणारा ताफा असेल, तर तेच घ्या, असे मी स्वतः सांगते. त्यासाठी परीक्षा देण्याची काही गरज नाही. मात्र विकत घेण्यापूर्वी संच खरोखर त्याच पट्ट्यात बांधलेला आहे ना, हे नीट पाहा. बाजारात स्वस्तात मिळणारे पुष्कळ संच 136 ते 174 आणि 400 ते 480 मेगाहर्ट्‌झ अशा भल्यामोठ्या पट्ट्यांत बोलू शकतात, आणि त्या पट्ट्यांत पोलीस, वनविभाग यांच्यासारख्या कितीतरी सेवांची कामे चालू असतात. परवाना नसताना असा संच नुसता जवळ बाळगणे हाही आपल्याकडे गुन्हा आहे. जंगलात आग लागल्याचा वनरक्षकाचा निरोप आपल्या "चहाला कुठे थांबायचं" या गप्पांखाली दबला तर काय होईल, याचा विचार मनात आला, की मला त्या स्वस्त संचांचा मोह कधीच पडत नाही.

आता डोंगराविषयी, कारण हॅमची खरी गरज तिथे लागते. आम्ही वापरतो तो पट्टा 144 ते 146 मेगाहर्ट्‌झचा. त्याच्या लहरीची लांबी सुमारे दोन मीटर असते, म्हणून त्याला दोन मीटरचा बँड म्हणतात, आणि टपावरची काडी तिच्या चौथ्या हिश्शाची, म्हणजे अर्ध्या मीटरची असते. ही लहर जवळजवळ नजरेसारखी सरळ जाते. जमिनीपासून दोन मीटर उंचीवर अँटेना असलेल्या दोन गाड्या पूर्ण सपाट मैदानात साधारण अकरा-बारा किलोमीटरपर्यंत एकमेकींना ऐकू शकतात. मध्ये सह्याद्रीची एक सोंड आली, की हेच अंतर एका किलोमीटरवर येते, कारण काळ्या पाषाणातून ही लहर आरपार जात नाही. उलट घाटमाथ्याच्या कड्यावर, कोकणच्या तळापासून नऊशे मीटर उंचीवर उभे राहिलात, तर हिशोबाने तुमचे रेडिओचे क्षितिज सव्वाशे किलोमीटर लांब जाते आणि पाच वॉटचा हातातला संचही खालच्या गावांच्या पलीकडे पोहोचतो. लोक नेहमी किती वॉटचा संच घेऊ असे विचारतात, पण वॉट ही दुय्यम गोष्ट आहे. पाचाचे पन्नास वॉट केले तरी ऐकणाऱ्याच्या मीटरवर काटा जेमतेम दीड-दोन घरे पुढे सरकतो; तेवढाच फरक, कित्येकदा त्याहून जास्त, संच गाडीच्या लोखंडी पिंजऱ्यात हातात धरण्याऐवजी अँटेना टपाच्या मधोमध बसवल्याने पडतो. टपाचा पत्रा हा त्या अँटेनाचा अर्धा भागच असतो. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील, तर आधी चांगल्या अँटेनावर आणि केबलवर करा, आणि पावसाळ्याआधी जोडावर रबरी टेप घट्ट गुंडाळा. केबलमध्ये एकदा पाणी शिरले की ती वरून नवी दिसते आणि आतून निकामी झालेली असते.

वेल्ह्याच्या पलीकडे, केळदकडून मढे घाटाच्या बाजूला गेलो होतो तेव्हाचे सांगते. भात कापणी झाली होती आणि वाटेला दोन सारखेच फाटे फुटत होते. शेवटच्या दोन गाड्या चुकीच्या फाट्याला लागल्या आणि डोंगराच्या धारेपलीकडे उतरल्या. संचावर त्यांचा आवाज तुटक येऊ लागला, मग नुसती खरखर उरली. आमच्यातल्या तिसऱ्या गाडीने काही न विचारता मागे वळून खिंड गाठली आणि तिथेच उभी राहिली. त्या खिंडीतून तिला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. मग पुढचा अर्धा तास ती गाडी फक्त निरोप्याचे काम करत होती: इकडचे वाक्य ऐकायचे, जसेच्या तसे तिकडे म्हणायचे, उत्तर ऐकायचे, परत इकडे सांगायचे. "पाण्याची टाकी डाव्या हाताला दिसते का, असं विचारतायत." "दिसते म्हणाले." "मग तिथूनच वळा, पुढे जाऊ नका." उंच डोंगरांवर बसवलेले हॅमचे रिपीटर यंत्राने हेच काम करतात, पण आडवळणाच्या दरीत रिपीटर मिळेलच असे नाही, तिथे खिंडीत कोण थांबणार हे ज्याचे त्याला कळावे लागते. त्या गाडीतल्या मुलीला ते कळले, कारण लहर डोंगराआड का जात नाही हे तिने परीक्षेसाठी वाचले होते आणि सरावात अनुभवले होते.

मला जे सांगायचे आहे ते नेमके हेच. परवान्याकडे तुम्ही सरकारी अडथळा म्हणून पाहता, आणि मला तो सहलीच्या तयारीतला सर्वांत उपयोगी भाग वाटतो. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील डब्ल्यूपीसी ही शाखा ही परीक्षा घेते आणि परवाना देते. अभ्यासात वीज, अँटेना, लहरींचा प्रवास आणि नियम एवढ्या गोष्टी येतात. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेले मूलही रिस्ट्रिक्टेड या प्राथमिक श्रेणीच्या परीक्षेला बसू शकते, आणि दहावीचे विज्ञान ज्याने मन लावून केले आहे त्याला ती अवघड जात नाही. परीक्षेनंतर प्रमाणपत्र, परवाना आणि कॉल साइन, म्हणजे हवेत आपली ओळख सांगणारी अक्षरे-अंक, हातात यायला महिने लागू शकतात, म्हणून दिवाळीत स्पितीला जायचे ठरवून गणपतीत अभ्यासाला बसू नये. पण त्या काळात माणूस एक सवय शिकतो: बटण दाबण्याआधी ऐकायचे. वाहिनी, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचे ती, मोकळी आहे का, कोणी अडचणीत आहे का, मला जे सांगायचे ते आत्ताच सांगायला हवे का, हे आधी पाहायचे. मग बटण दाबून क्षणभर थांबायचे, म्हणजे पहिला शब्द कापला जात नाही, आणि थोडक्यात बोलून बटण सोडायचे.

ही सवय नसली तर काय होते, तेही मी पाहिले आहे. एका सहलीत आमच्याबरोबर दुसरा एक ताफा आला होता आणि सर्वांनी एकच विनापरवाना वाहिनी ठरवली होती. एका गाडीत माइक सीटच्या फटीत अडकला आणि त्याचे बटण दाबलेलेच राहिले. त्या गाडीतली गाणी आणि गप्पा आम्हा सर्वांच्या स्पीकरमधून येत राहिल्या, आणि हे संच ज्या एफएम पद्धतीने बोलतात तिच्यात जोरदार सिग्नल कमजोर सिग्नलला गिळून टाकत असल्यामुळे दुसऱ्या कोणालाच काही बोलता येईना. बोलण्याचे बटण दाबलेले असताना आपला संच ऐकत नाही, त्यामुळे त्या गाडीला हे कळण्याचा मार्गही नव्हता. नेमक्या त्याच वेळी मागे एका गाडीचे चाक कड्याच्या बाजूच्या भुसभुशीत मातीत खचले होते. ती मंडळी वीस मिनिटे संचात ओरडत होती आणि पुढे जाणारे आम्ही दुसऱ्याच कुणाच्या घरातल्या लग्नाची चर्चा ऐकत होतो. कोणाला इजा झाली नाही, पण ती वीस मिनिटे मी विसरलेले नाही. त्या दिवसापासून आमच्या ताफ्यात माइकला डॅशवर हूक असतो, तो मांडीवर किंवा सीटवर ठेवायचा नसतो, आणि वाहिनी अडली तर सर्वांनी कोणत्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जायचे हे निघण्यापूर्वी कागदावर लिहून प्रत्येक गाडीत चिकटवलेले असते.

काही मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हव्यात. हॅमचा बँड व्यवसायासाठी नाही. पैसे घेऊन सहली नेणाऱ्यांनी त्यावर आपले काम चालवता कामा नये, त्यांच्यासाठी वेगळे परवाने आहेत. त्यावर सांकेतिक भाषेत किंवा गुप्तपणे बोलता येत नाही, कोणीही ऐकू शकतो, म्हणून घराचा पत्ता, पैशांचे व्यवहार असले काही बोलू नये. प्रत्येक बोलण्यात आपली कॉल साइन सांगावी लागते. सीमावर्ती भागात जाताना परवान्याची मूळ प्रत जवळ ठेवावी, गाडीतून संच वापरण्याच्या अटी आधीच वाचून घ्याव्यात आणि तिथल्या प्रशासनाने बंद ठेवा म्हटले तर संच मुकाट्याने बंद ठेवावा. त्याऐवजी परदेशातून सॅटेलाइट फोन आणण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. थुराया आणि इरिडियमचे फोन परवानगीशिवाय भारतात वापरता येत नाहीत आणि त्यावरून माणसांना अटक झालेली आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आमच्याबरोबर यायचे तर परवाना हवाच, असे नाही. ज्यांच्याकडे तो नाही त्यांच्या गाडीत आम्ही 446 चा संच देतो, आणि त्यांच्या लगेच पुढे-मागे चालणाऱ्या परवानाधारकाच्या गाडीत दोन्ही संच असतात. हॅमच्या संचाचा माइक मात्र आम्ही परवाना नसलेल्या कोणाच्या हाती देत नाही, मग ते घरचे माणूस असो की पाहुणे. माझे यजमान तीन वर्षे माझ्या शेजारच्या सीटवर बसून ऐकत होते; समोरचे वळण त्यांना माझ्याआधी दिसायचे, तरी ते मला सांगायचे आणि बोलायचे मी. गेल्या वर्षी त्यांनी परीक्षा दिली. कॉल साइन आली त्या संध्याकाळी ते गाडीत जाऊन बसले, मी घरातला संच सुरू केला, आणि तीस वर्षे ज्यांचा आवाज रोज ऐकते त्यांनी व्हिक्टर युनिफॉर्म थ्री, म्हणजे VU3, अशी आपल्या कॉल साइनची सुरुवात म्हणत मला पहिल्यांदा रीतसर हाक मारली.

तुम्हाला यायचे असेल तर रविवारी सकाळी घरी या. संच विकत घेऊन येऊ नका, वही घेऊन या. अँटेनाचे प्रकरण आपण टपावर चढूनच शिकू.