शिवाजी पेठेतला दोस्त

रविवार, रात्री उशिरा

आज चुलतभावाच्या नातवाचं जावळ झालं. मामाच्या मांडीवर बसलेल्या पोरानं पहिल्या कात्रीलाच भोकाड पसरलं. मी मंडपात पाण्याच्या जारची सोय बघत होतो, तेवढ्यात पाठीत सणसणीत थाप बसली. "काय भावा, वळकलास का न्हाई?"

मागं वळायच्या आधीच ओळखलं. केस गेलेत, पोट सुटलंय, पण बोलणं अस्सल कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं. इतकी वर्षं चाकणला काढून गडी तसाच बोलतो, याचा मला फार आनंद झाला.

शाळेत असताना आमचं भांडण एकच, फुटबॉलचं. मी मंगळवार पेठेतला, म्हणजे पाटाकडील तालमीच्या संघाचा. तो शिवाजी तरुण मंडळाचा. शाहू स्टेडियमच्या गेटपर्यंत खांद्यावर हात टाकून जायचं आणि आत गेलं की वेगवेगळ्या बाजूला बसायचं. जिंको कुणीही, जेवायला मात्र आमच्याच घरी.

पंगतीत शेजारी बसलो. पांढऱ्या रश्श्याची वाटी त्यानं तोंडाला लावली, घोट घेतला. "चांगला झालाय. पण काकींचा न्हवं." मग सांगायलाच लागला. अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, तयार झालं की माझी आई त्यात नारळाचं दूध घालायची आणि पळी त्याच्या हातात द्यायची. हात थांबवायचा नाही, खळखळून उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर दूध फुटतं. 'आमच्या पोराचं लक्ष सगळं रेडिओत, तू बस रे बाबा इथं,' असं म्हणायची म्हणे. तीळ-खसखस पाट्यावर वाटायला घेताना ती बांगड्या कोपरापर्यंत वर सारायची, तेही त्यानं करून दाखवलं. बांगड्या नसलेल्या हातावर, अगदी हुबेहूब. माझा घास तिथंच राहिला.

आईला जाऊन बरीच वर्षं झाली. आता घरात तिचा विषय निघतो तो फोटोला हार घालताना, नाहीतर श्राद्धाला. भावाबहिणींकडं ज्या आठवणी आहेत, त्याच माझ्याकडं आहेत. याच्याकडं मात्र मी जवळ नसतानाची आई आहे. ती कशी बोलायची, दुसऱ्याच्या पोराला किती हक्कानं कामाला लावायची, हे मला आज पहिल्यांदा कळलं. असला दोस्त इतकी वर्षं भेटला नाही, याची फार हळहळ वाटली. फोनवर 'बरं आहे ना' यापलीकडं आम्ही कधी गेलोच नव्हतो.

मांडववाले खुर्च्या गोळा करायला आले तरी आम्ही बसूनच. शेवटी फुटबॉलवरून जुनं भांडण निघालं, आणि दोघांचेही आवाज चढले.

तो अजून चार दिवस आहे. उद्या सोमवार, म्हणून बुधवारचं ठरलं. मटण मी आणायचं, रस्सा त्यानं करायचा. धाकटीला सांगून ठेवलंय, त्या दिवशी क्लास बुडाला तरी चालेल. तिनं आजीला बघितलेलंच नाही.